चार तोंडांची पेटी

१४ सप्टेंबर, रविवार

सुवर्णाने आज जेवताना सांगितलं. महेशला आधीच माहीत असावं, कारण तो मान वर न करता भात कालवत राहिला. तिची कंपनी म्हणते, दिवाळीनंतर ऐरोलीला ऑफिसात येऊन बसा. घरून काम करणाऱ्यांचं नेट सारखं जातं, विम्याच्या लोकांचे फोन अर्ध्यात तुटतात, तक्रारी होतात. मात्र ऑक्टोबरचा पूर्ण महिना ज्याची लाईन तुटणार नाही, त्याला घरूनच कायम करणार.

म्हणजे लाईन टिकली नाही तर सूनबाई आणि नात आर्या ऐरोलीला खोली घेऊन, महेश रोह्याला कंपनीच्या शिफ्टला जवळ म्हणून तिकडेच, आणि मी इथे रामवाडीत. एका घराची तीन घरं. आमटी चांगली झाली होती, तेवढं म्हणालो.

दुपारी झोप नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

नेट गेलं. केबलवाला बाळा म्हणतो, गडबजवळ हायवेच्या कामात जेसीबीने केबल तोडली. आर्या जन्मायच्या आधीपासून हा हायवे चालू आहे, आता ती चौथीत गेली.

सुवर्णा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसते. "नमस्कार, मी सुवर्णा बोलतेय, काय मदत करू?" दिवसभर ऐकून मलाही पाठ झालंय. पुढे कोणीतरी नाशिकचा, कोणीतरी नांदेडचा, कुणाची बायको दवाखान्यात, कुणाचा कागद अडकलेला. ती समजावत असते. नेट गेलं की तिचं वाक्य मध्येच थांबतं आणि घर एकदम गप्प होतं. त्या गप्प होण्याची मला भीती बसली आहे. कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

महेशने दुसऱ्या केबलवाल्याची लाईन घेतली. म्हणे एक गेली तर दुसरी. आज दुपारी दोन्ही एकदमच गेल्या. बाहेर जाऊन बघतो तर दोन्ही वायरी एकाच खांबावरून आलेल्या आणि खांबाला टेम्पो लागलेला.

सु. हसली, पण ते हसणं बरं नव्हतं.

मला वाटतं घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नाही. माझं तर नाहीच. आज गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून घेतली नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

महेश रोह्याहून एका माणसाला घेऊन आला. मुनाफ. अष्टमीला पुलाच्या अलीकडे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शिफ्ट सुटली की महेश तिथे चहा पितो. बरीच वर्षं आखातात होता, हॉटेलांमध्ये वायरी ओढायचा, आई आजारी म्हणून परत आला. मला पहिल्यापासून चाचा म्हणतो. बरा वाटला. पण बरी वाटणारी माणसं पण चुकतात, म्हणून मी जवळ खुर्ची टाकून बसलो.

त्याने एक जुना कॉम्प्युटर आणला, नुसती पेटी, टीव्हीसारखा पडदा नाही. झाकण काढलं. आत पत्त्यांएवढ्या हिरव्या पट्ट्या बसवल्या. त्यांना कार्ड म्हणतात. पेटीला मूळचं एक तोंड होतं, त्याने अजून तीन केली. प्रत्येक तोंडात एक वायर जाते.

मी विचारलं, एका कॉम्प्युटरला चार तोंडं कशाला, खायला देणार आहात काय.

तो म्हणाला, "चाचा, ही दोन तोंडं बाहेर बघतात, ही दोन आत. बाहेरचं एक बाळाच्या केबलला, दुसरं मोबाईलच्या टॉवरवरनं नेट घेणाऱ्या डबीला, ती खिडकीत राहील. दोघांचा रस्ता वेगळा पाहिजे, एक जमिनीवरनं, एक हवेतनं. जेसीबी हवा तोडत नाय. एक मेलं की पेटी आपोआप दुसऱ्यावर जाते. आतलं एक तोंड भाभीच्या कामाला, तिथे दुसरं कोणी शिरणार नाय, कंपनीची अटच हाय तशी. चौथं घरातल्या वायफायला, मोबाईल, टीव्ही, बेबीचा अभ्यास."

"आणि मधी पेटी काय करते?"

"मधी बसून ठरवते. बाहेरचं आत काय सोडायचं, आतलं बाहेर कुठनं काढायचं."

मी म्हणालो, मग ही उघाडी झाली. त्याने माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला, व्हय, उघाडीच.

महेशला उघाडी सांगून कळत नाही, तो कंपनीतला. पण आमचा जन्म गडबच्या पलीकडच्या खारात गेला. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात. मध्ये उघाडी, म्हणजे बांधातलं झडपेचं दार. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. गावकीने माझ्या बापाला उघाडीवर बसवलं होतं. आकाशाकडे आणि खाडीकडे बघत बसायचा. घरी आला तरी लक्ष तिकडेच.

आज बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

पेटी बाहेरच्या खोलीत माझ्या खाटेजवळ ठेवली आहे. तोंडांपाशी बारीक हिरवे दिवे लुकलुकतात. आत पंखा फिरतो त्याचा आवाज येतो. पाल आत गेली तर? उंदराने वायर कुरतडली तर? धूळ तर येतेच, शेजारी रंजनाच्या घरी गणपतीचा कारखाना, उरलेल्या मूर्ती घासायचं काम चालू आहे.

म्हणून हिचं, आर्याच्या आजीचं, ती गेल्यापासून जपलेलं जुनं मऊ लुगडं होतं, त्याची घडी करून पेटीवर घातली.

संध्याकाळी हात लावला तर पेटी तव्यासारखी तापलेली. सु. ने मुनाफला फोन केला. तो फोनवर एवढा हसला की मला इथपर्यंत ऐकू आलं. "चाचांना सांगा, तिला गोधडी नको, हवा पाहिजे." लुगडं काढलं. हिच्या नावाने आम्ही कधी काही बिघडवलं नव्हतं, आज तेही झालं असतं.

२ ऑक्टोबर, दसरा

काल महिना सुरू झाला. काल पूर्ण दिवस निभला.

आज पेटीची पूजा केली. झेंडूचा हार घालायला गेलो तर सु. म्हणाली, "बाबा, जाळी बुजतेय." हार खाली टेबलाला बांधला. महेशने स्वतःच्या मोटरसायकलला, आर्याने वह्यांना, मी पेटीला हळदकुंकू. रंजना सोनं द्यायला आली ती बघून म्हणाली, काका, हिला पण नैवेद्य दाखवा, चार तोंडं हायत. तिला असंच बोलायचं असतं. पण मूर्तीचे डोळे रंगवते तेव्हा श्वास धरते, ते मी बघितलंय.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज घडलं ते लिहून ठेवतो.

दुपारी मी खाटेवर. पेटीचा केबलच्या बाजूचा दिवा विझला. उठून उभा राहिलो. शेजारचा दुसरा दिवा, टॉवरचा, भराभर लुकलुकायला लागला. आतून सु. चा आवाज चालूच. कुणाला तरी सांगत होती, ताई, घाबरू नका, डिस्चार्जचा कागद जपून ठेवा.

बाहेर येऊन बघितलं तर आळीतली पोरं मोबाईल घेऊन दारात, सगळ्यांचं नेट गेलेलं. काम संपल्यावर सु. ला सांगितलं तेव्हा तिला माहीतच नव्हतं काही झालं होतं म्हणून.

मी रंजनाकडे जाऊन सांगून आलो. बाळाला पण सांगितलं. त्याला फारसं आवडलं नाही.

हे चाललं तर. चाललं तर.

१२ ऑक्टोबर, रविवार

परतीच्या पावसाने दुपारी काळोख केला. गावाकडे भात कापून पडलं असेल, त्यांचे हाल. सु. आणि आर्या बाजारात गेलेल्या, आकाशकंदिलाचा कागद आणायला. महेश पहिल्या शिफ्टला.

विजा सुरू झाल्या. आपल्याकडे विजा आल्या की पहिलं काम म्हणजे घरातल्या वायरी काढायच्या. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, सगळं. खारात आमच्या आळीत एकाच विजेने किती टीव्ही जळाले होते. मी सगळे प्लग काढले. मग पेटी. मागून चारही वायरी उपसल्या आणि पेटीपासून लांब, गादीवर नेऊन ठेवल्या. लाईटही गेली.

पाऊस थांबल्यावर लाईट आली. त्या दोघी यायच्या आधी वायरी परत लावल्या. चारही तोंडं सारखी, चारही वायरी काळ्या. पण कुठली कुठून आली ते मला माहीत होतं, मी रोज तिथेच असतो. दिवे चारही लागले.

सु. ला सांगायचं राहिलं. सांगायला घेतलं होतं, पण आर्याने कागद दाखवायला घेतले. मग राहिलंच.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वाईट दिवस.

सकाळपासून सु. चा आवाज अडखळत होता. हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का, असं. दुपारी दोन फोन अर्ध्यात तुटले. घर गप्प झालं. ती बाहेर येऊन पेटीकडे बघत उभी राहिली. तिच्या वरच्या बाईंचा मेसेज आला होता.

घरातलं वायफाय तर बंदच. आर्या कुरकुर करते. आळीतही सगळ्यांचं नेट कासवासारखं. रंजना दारात येऊन म्हणाली, "काका, विजेनं बाळाची मशीन जाळली वाटतं. माझा व्हिडीओ सकाळपासनं तिथंच फिरतोय, एक गणपती जागचा हलंना." बाळा खांबावर चढतोय आणि उतरतोय.

संध्याकाळी सु. ने विचारलं, "बाबा, तुम्ही पेटीला हात नाय ना लावला?"

मी म्हणालो, नाय.

ती म्हणाली, मग टॉवरचंच काहीतरी असेल.

जेवलो नाही. पोट बरं नाही सांगितलं, तिने ओव्याचं पाणी करून दिलं. ते पिताना फार वाईट वाटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी बाळा आला. लॅपटॉप काखेत, शर्टाला खांबाचा गंज लागलेला. मी ओटीवर होतो. म्हणाला, "काका, माझं डोकं चालंना. रविवारी लाईट जाऊन आली तेव्हापासून आळीतल्या घरांना नेटचे भलतेच नंबर मिळतायत, पत्त्यासारखे असतात ते. माझ्या मशिननं द्यायचे, तर दुसराच कोणीतरी वाटतोय. आळीतल्याच कुठल्यातरी घरातनं."

तो पुढच्या घरी गेला. मी बसून राहिलो.

आमच्याकडे एका साली उघाडीची झडप दुरुस्तीला काढली होती. बाहेरगावच्या माणसांनी ती परत बसवली. बाप तेव्हा अंथरुणाला खिळलेला, कोणी त्याला विचारलं नाही. झडप दिसायला ठीक. पण खाडीच्या अंगाची शेताच्या अंगाला गेली. भरती आली तशी ती बंद व्हायच्या ऐवजी उघडली. सकाळी भाताच्या रोपांत खाडीची मासळी फिरत होती. फळी तीच, जागा तीच, फक्त तोंड उलटं.

ते आठवलं आणि बाळा काय म्हणाला ते मला एकदम कळलं. नीट कळलं असं नाही, पण पोटात कळलं.

आत गेलो. सु. कामाला बसायच्या तयारीत, हेडफोन गळ्यात.

"सुवर्णा, मी हात लावला व्हता. रविवारी. विजा व्हत्या. सगळ्या वायरी काढल्या न् परत लावल्या."

ती म्हणाली, "मग काल विचारलं तेव्हा का नाय सांगितलंत?"

"तू ऐरोलीला जाशील म्हणून."

तिने हेडफोन काढून ठेवला. म्हणाली, "बाबा, मी जायला बसलेली नाय. मला पाठवतायत. त्यात फरक हाय."

मग मुनाफला व्हिडीओ फोन लावला. त्याला पेटीची मागची बाजू दाखवली. तो बघत होता आणि हळूहळू त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं, पण माझ्याकडे बघून आवरलं. झालं होतं ते असं. बाळाची केबल मी घराच्या तोंडात घातली आणि घराचं वायफाय केबलच्या तोंडात. त्यामुळे पेटीला वाटलं की केबलच्या पलीकडची सगळी आळी म्हणजे आपलंच घर. तिने आळीला घरचे नंबर वाटले. आणि नंबर दिले म्हणजे नेटचं पाणीही द्यायला पाहिजे, तेव्हा टॉवरची आमची एकच बारीक धार होती, ती सगळ्या आळीला पाजत बसली. सु. च्या वाट्याला काही उरेना.

"चाचा," मुनाफ म्हणाला, "दोन दिवस तुमी अख्ख्या आळीला जेवायला घातलं."

सु. ने दोन वायरींची अदलाबदल केली. एवढंच काम होतं. बाळाला बोलावून सांगितलं. त्याने घराघरात जाऊन डब्या बंद करून चालू केल्या आणि आळी सुरळीत झाली. बाळा रागावला नाही. उलट म्हणाला, आता कळलं हे होऊ शकतं, खांबावरच्या मशिनीत याच्यासाठी कुलूप लावतो. म्हणजे असं परत कुणाच्या घरातून होणार नाही. त्याने चहा घेतला.

सु. कामाला बसली. "नमस्कार, मी सुवर्णा बोलतेय." आवाज स्वच्छ.

ते कालचे दोन फोन मात्र तुटले ते तुटले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सु. ने कंपनीला खरं लिहून पाठवलं. घरातल्या माणसाने विजांमुळे वायरी काढल्या, लावताना चुकल्या, आता दुरुस्त. मी म्हणालो माझं नाव लिही. ती म्हणाली, तुमचं नाव लिहून काय करू, त्या बाई तुम्हाला ओळखत नाहीत.

उत्तर: बघू.

आळीत आता माझं नाव नेटवाले काका. रंजनाने सुरुवात केली. दूधवाला पण म्हणाला.

मी रंजनाकडे गेलो आणि मूर्तीचे उरलेले रंग मागितले. तिने विचारलं कशाला, सांगितलं. तिने चार डब्या काढून दिल्या, वर बारीक कुंचला. "पितांबराचा पिवळा घ्या, तो टिकतो." मग थांबून म्हणाली, "द्या इकडं, तुमचा हात कापतोय." स्वतः घरी आली. खाली बसून, श्वास धरून, प्रत्येक तोंडाभोवती रंगाची कड काढली आणि प्रत्येक वायरीच्या डोक्याला तोच रंग. केबल लाल. टॉवर निळा. सु. चं काम हिरवं. घर पिवळं.

डोळे काढल्यासारखी सुबक कड आली आहे. उठताना म्हणाली, "आता तरी आंधळ्यासारखं लावू नका." चहाचा कप धुऊन ठेवून गेली.

१९ ऑक्टोबर, रविवार

मुनाफ दिवाळीच्या आधी येऊन गेला. रंग बघून खूश. म्हणाला, आखातात आम्ही पण रंगच लावायचो, पण एवढे देखणे नव्हते.

त्याला मी वीज विचारली. मला वाटलं, परत हसेल. हसला नाही. म्हणाला, भीती खोटी नाही, खांबावरून आमच्या घरापर्यंत येणारी वायर तांब्याची आहे, वीज तिच्यातून आत येऊ शकते, आणि एक कार्ड जळलं तर पेटीही जाऊ शकते. पण टॉवरची डबी आपल्या घरातच असते, तिची वायर बाहेर जात नाही. म्हणून विजा आल्या तर फक्त लाल काढायची. पेटी निळ्यावर जाईल, काम चालू राहील. लाईटच्या बाजूला त्याने बॅटरीचा डबा बसवला, लाईट गेली तरी पेटी आणि टॉवरची डबी थोडा वेळ जगतील, भाभीच्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहेच. लाल काढायच्या आधी मात्र भाभीला सांगायचं, म्हणजे चालू असलेला फोन ती पुरा करेल. बदलताना पेटीला क्षणभर दम लागतो.

मी म्हणालो, मी आता हात लावणार नाही, महेशला सांगा.

तेव्हा सु. आतून आली. म्हणाली, "विजा येतात तेव्हा महेश रोह्याला असतो आणि मी आत असते. बाबाच करतील. पेटी तुमची. फक्त मला कळवायचं, आणि विचारलं तर खरं सांगायचं."

मुनाफने मान डोलावली. मी चहा ठेवायला उठलो. दुधाचं पातेलं कुठे असतं ते मला आठवेना, तिनेच दिलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

गावाहून बहीण आली, ताराबाई. ओवाळताना इकडेतिकडे बघत होती. बांध फुटून शेतं गेली तेव्हा आमचे भाऊ जो तो मिळेल तिकडे गेले. कोण पनवेलला, कोण उरणला. आता लग्नाला भेटतात. तिने सुवर्णाला विचारलं, "गो, तुमी जाताव म्हणं मुंबईच्या अंगाला?"

सु. म्हणाली, "अजून नाय, आत्या."

अजून नाय. मी तो शब्द दिवसभर तोंडात घोळवला. एकदा वाटतं त्यात जायचं आहे, एकदा वाटतं त्यात राहायचं आहे.

ताराबाईने पेटी बघितली. मी सांगितलं ही उघाडी. तिने चटकन हात जोडले, बापाच्या आठवणीने. मग म्हणाली, पंखा लय आवाज करतंय.

२७ ऑक्टोबर, सोमवार

वरच्या बाईंचा फोन. सु. दार लावून बोलली. बाहेर आल्यावर म्हणाली, त्या दोन तुटलेल्या फोनांची गोष्ट त्यांच्या वरच्या लोकांकडे गेली आहे. बाकीचा महिना स्वच्छ आहे असं त्या म्हणाल्या. आणि म्हणाल्या, पावसापाण्यात तुमची लाईन टिकते का ते मला दाखवा, मग मला वर बोलायला काहीतरी होईल.

आर्याने विचारलं, ऐरोलीच्या शाळेत मैदान आहे का. सु. ने तिची वेणी जरा घट्ट ओढली.

आकाश मोकळं. हवामानवाले पाऊस सांगतात. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, येऊ दे.

मग कापणीवाल्यांची आठवण झाली आणि तसं वाटल्याबद्दल देवाला नमस्कार केला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दुपारपासून गडबच्या अंगाला काळं भरलं होतं. मी खाट ओढून अशी लावली की एका नजरेत खिडकी, पेटी आणि सु. च्या खोलीचं दार दिसावं. बाप असाच बसायचा.

चार वाजायच्या सुमाराला गडगडलं. लांब. थांबलो. परत गडगडलं, जवळ. हात मांडीखाली दाबून धरले. उगाच घाईने काढली तरी चूक, उशिरा काढली तरी चूक. तिसऱ्यांदा खिडकीच्या काचा हलल्या तेव्हा उठलो.

दारात जाऊन उभा राहिलो. आमची खूण ठरली आहे, रंजनाचा कुंचला आमच्याकडेच राहिलाय, टोकाला लाल लागलेलं आहे, तो वर धरायचा. सु. ने बघितलं. कुणा म्हाताऱ्या माणसाशी बोलत होती, त्याला ऐकू कमी येत होतं, एकच गोष्ट तीनदा सांगावी लागत होती. तिने एक बोट वर केलं, थांबा. वीज चमकली. मी थांबलो. ती घाई न करता त्याला म्हणाली, काका, चौथ्यांदा विचारलंत तरी चालेल. मग त्याचं झालं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली.

पेटीजवळ आलो. लाल कड. लाल डोकं. धरून ओढली, टक्‌ असा आवाज आला. वायर खिडकीपर्यंत लांब नेऊन ठेवली. लाल तोंडापाशी काळोख. निळ्यापाशी दिवा एकदा विझल्यासारखा झाला. घर गप्प झालं. मी देवाचं नाव घ्यायलाही विसरलो.

मग निळा भरभर लुकलुकायला लागला.

बाहेर धाडकन झालं, लाईट गेली, आर्या माझ्या अंगाला येऊन चिकटली. पंखा बंद, टीव्ही बंद, आळीत अंधार. पेटी बॅटरीवर घुमतच होती. आणि आतून आवाज आला.

"नमस्कार, मी सुवर्णा बोलतेय, काय मदत करू?"

पाऊस थांबेपर्यंत ती बोलत होती. मी आर्याला मांडीवर घेऊन ऐकत बसलो. कोणी साताऱ्याचा, कोणी परभणीचा. कुणाचंच वाक्य अर्ध्यात राहिलं नाही.

नंतर लाल परत लावली. लालमध्ये लाल. दोनदा बघितलं, मग आर्याला बघायला लावलं. चारही दिवे.

सु. बाहेर आली, पाणी प्यायली. म्हणाली, आजचा दिवस बाईंना लिहून पाठवते, वीज आणि सगळं. मी म्हणालो, माझं नाव? ती म्हणाली, या वेळी लिहिते.

उत्तर कधी येईल ते सांगता येत नाही. उद्याही आकाश भरलेलं आहे म्हणतात. कुंचला खाटेखाली ठेवला आहे, हाताला लागेल असा.